तळघरात गोधड्या शिवायच्या आहेत, पण भिंतींना ओल येते

फोंडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. जागेसाठी थोडं कमी करून देते.

"निवृत्त झाल्यापासून गोधड्या शिवते. आधी नातवंडांसाठी शिवल्या, मग शेजाऱ्यांसाठी, आता लोक पैसे देऊन मागतात. सासूबाईंची काळी पायमशीन आहे, तिला मोटर बसवून घेतली. सगळा पसारा जेवणाच्या टेबलावर. चतुर्थीला घर भरलं तेव्हा तो गुंडाळून पलंगाखाली ढकलावा लागला. आमचं घर उतारावर आहे. रस्त्याच्या पातळीला आम्ही राहतो आणि खाली 12 बाय 18 फुटांची एक खोली आहे. दोन बाजूंना माती, एका बाजूला जिना, चौथ्या बाजूला दार आणि खिडकी, ती कुळागराकडे, म्हणजे माड-पोफळींच्या बागेकडे उघडते. सध्या तिथे नारळ आणि माटोळीचं (चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं) सामान पडलेलं असतं. ती खोली मला हवी आहे. सगळं कापड एकदाचं खाली नेऊन टाकीन म्हणते. पण पावसात मातीकडच्या भिंती ओल्या होतात, पांढरी पूड सुटते. मिस्त्री म्हणतो, चार फुटांपर्यंत टाइल्स मारा. मुलगी पुण्याहून सांगते, एसी लाव. हे म्हणतात, तळघरात कोण बसतं? मला पाठीचं दुखणं आहे, आणि संध्याकाळी काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. आरामात बसून काम करता येईल अशी खोली होईल का? आणि नाताळच्या दोन ऑर्डर आल्यात, त्या घेऊ का?"

ताई,

खोली होईल, आणि चांगली होईल. तुमची एक बाजू पूर्ण मोकळी आहे, तिथे दार आहे, खिडकी आहे. चारही बाजूंनी मातीत पुरलेल्या तळघरापेक्षा हे कितीतरी बरं. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी खोडणार आहे, ते म्हणजे "सगळं कापड एकदाचं खाली नेऊन टाकीन". काम खाली करा, कापड वरच राहू द्या. माझं बाकी काही पटलं नाही तरी एवढं ऐका.

गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यात तुमची खिडकी कुळागराकडे, म्हणजे माडा-पोफळींच्या सावलीतली, कायम गार आणि दमट हवा. सुती कापड हवेतलं पाणी ओढून घेतं. हवेतली आर्द्रता 65 टक्के असते तेव्हा हाताला कोरड्या ठक्क लागणाऱ्या सुती कापडातसुद्धा त्याच्या वजनाच्या साधारण 8.5 टक्के पाणी असतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता याच्या कितीतरी वर जाते. ती 70 च्या वर बरेच दिवस राहिली, की बुरशीला आणखी काही लागत नाही. आधी कुबट वास येतो, मग घडीच्या कडेला काळे ठिपके दिसतात, आणि ते ठिपके धुऊन जात नाहीत. चालू कामाचं कापड झाकणाच्या एका डब्यात खाली न्यायचं आणि बाकीचा साठा वरच्या कपाटात ठेवायचा. दिवसातून एकदा जिना चढावा लागेल, पण लोकांनी विश्वासाने दिलेल्या आजीच्या साड्या वाचतील.

आता भिंतींचं बघू. तुम्ही लिहिलेली पांढरी पूड महत्त्वाची आहे. माती भिजली की तिच्यातले क्षार पाण्यात विरघळतात, ते पाणी चिऱ्यांतून झिरपत आतल्या बाजूला येतं, हवेत सुकतं आणि क्षार मागे उरतात. म्हणजे तुमच्या दोन भिंतींतून पाणी आरपार येतंय, याचा पुरावा तुमच्याकडे आधीच आहे. जमिनीचं आणि जिन्याकडच्या भिंतीचं काय, ते अजून कळायचंय. त्यासाठी जाड पारदर्शक प्लास्टिकचे दीड फूट चौरस तुकडे घ्या. एक जमिनीला, एक भिंतीला, चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करून लावा आणि दोन दिवस तसेच ठेवा. काढाल तेव्हा थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे जमिनीकडे किंवा भिंतीकडे असतील, तर पाणी तिथून येतंय. बाहेरच्या बाजूला, म्हणजे खोलीकडे असतील, तर ती हवेतली वाफ गार पृष्ठभागावर जमलीय. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून हे आधी कळायला हवं. पाऊस अजून पुरता गेलेला नाही, जमीन भिजलेली आहे, म्हणजे तपासायला हीच वेळ योग्य. जानेवारीत सगळीच तळघरं कोरडी दिसतात.

तुमच्याकडे जानेवारीतही खात्री देता येणार नाही, कारण शेजारी कुळागर आहे. पाऊस संपला की पोफळींना पाणी द्यावंच लागतं. पाट कुठून वाहतो आणि शिंपण्याच्या दिवशी भिंतीच्या किती जवळ पाणी साचतं, ते बघून ठेवा. तुमची खिडकीकडची बाजू उताराला खाली असेल तर फारशी काळजी नाही. वरच्या अंगाने पाट येत असेल, तर तो भिंतीपासून दूर वळवणं हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम ठरेल.

पुढच्या जोराच्या सरीला छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. छपराच्या पागोळ्या कुठे पडतात? पन्हळ फुटलीय का? पन्हळीचा पाइप मातीकडच्या भिंतीच्या बुडाशीच सोडलेला असतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आधी तेच विचारते. तो पाइप दहा-बारा फूट पुढे नेला, भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि त्यावर काँक्रीटचा पट्टा ओतला, तर कित्येकदा अर्धी ओल तिथेच थांबते. तेवढ्याने भागलं नाही, तर वरच्या अंगाला खोल चर खणून, त्यात भोकांचा पाइप आणि खडी घालून पाणी बाजूने काढून द्यावं लागेल. हे काम डिसेंबरपासून पुढे, जमीन सुकल्यावर, आणि अभियंत्याला दाखवूनच करा. पायालगतचा सगळा चर एकदम उघडला तर भिंतीला धोका असतो. नुसत्या भिंतींवर तोललेलं जुनं घर हे मिस्त्रीच्या अंदाजावर सोडायचं काम नव्हे.

टाइल्सना माझा स्पष्ट नकार. टाइल्स लावल्या की चार फुटांपर्यंतची ओल दिसेनाशी होईल, पण पाणी तर येतच राहणार. सुकायला वाट मिळाली नाही की ते भिंतीत आणखी वर चढतं आणि टाइलच्या वरच्या कडेला गिलावा फुगून पडायला लागतो. ऑइल पेंट आणि प्लास्टिक पेंटचंही तेच. मातीकडच्या दोन्ही भिंतींवरचा सुटलेला गिलावा काढून टाका, पूड कोरड्या ब्रशने झाडा (पाण्याने पुसलीत तर क्षार पुन्हा आत जातील), चुन्याचा गिलावा करून घ्या आणि वर चुन्याची सफेदी द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, आलेली ओल सुकू देतो. दरवर्षी पुन्हा हात मारावा लागेल, पण पांढऱ्या भिंतींमुळे खोलीत उजेड वाढतो हा वरचा फायदा. जमिनीवर व्हिनाइल, गालिचा किंवा प्लायवूड काहीही पसरू नका, खाली ओल अडकेल. साधी फरशी ठीक आहे. उभं राहून कापड कापायच्या जागेवर रबराचा एक जाड तुकडा टाका, रोज उचलून उभा करता येईल एवढाच.

मग मुलीचा एसी. ती तुमच्या काळजीपोटी म्हणतेय आणि मे महिन्यात तिचं बरोबरही ठरेल. पण तुमची अडचण उकाड्याची कमी आणि दमटपणाची जास्त आहे. एसी दिवसा चार तास चालेल, हवा कोरडी होईल, भिंती आणि कापड थंड होतील. रात्री तो बंद केलात की बाहेरची दमट हवा आत शिरेल आणि थंड झालेल्या प्रत्येक वस्तूवर दव धरेल. तेवढेच पैसे खर्चायचे असतील तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र घ्या, कॉम्प्रेसरचा, दिवसाला 20 लिटरच्या आसपास पाणी काढणारा. टेबलावर ठेवायचे छोटे, बिनकॉम्प्रेसरचे मिळतात, ते कपाटाला पुरतात, 216 चौरस फुटांच्या खोलीला नाहीत. 300 वॉटचं यंत्र रोज आठ तास चाललं तर 2.4 युनिट वीज जाते, म्हणजे महिन्याला 72 युनिट. ते थोडी उष्णता सोडतं, खोली जराशी गरम होईल, पंख्याने भागेल. पाण्याची टाकी रोज ओतून टाकायचा कंटाळा येणार, म्हणून त्याची नळी सरळ दाराबाहेरच्या गटारात सोडा. सोबत काही शे रुपयांचं आर्द्रतामापक आणा आणि मशीनच्या समोर, नजरेत राहील असं टांगा. 55 ते 60 टक्के हे तुमचं लक्ष्य.

खिडकी कधी उघडायची, याबाबत आपल्या सगळ्यांची सवय उलटी आहे. ओल आली की आपण दारं-खिडक्या सताड उघडतो. भर पावसात त्याने बाहेरचं पाणी हवेवाटे आत येतं आणि गार भिंतीवर जमतं. जुलै-ऑगस्टमध्ये खिडकी बंद, यंत्र चालू. कोंदट वाटलं तर थोडा वेळ दार किलकिलं करा, एवढंच. नोव्हेंबर ते मार्च मात्र दुपारच्या कोरड्या हवेत खिडकी उघडून एक्झॉस्ट फॅन खुशाल लावा. जुन्या साड्या कापताना धाग्यांची बारीक धूळ उडते, त्यासाठीही तो फॅन हवाच. आणि वीज गेली म्हणून जनरेटर कधीही या खोलीत किंवा तिच्या खिडकीखाली लावू नका. त्याचा धूर अशा जागेत जीवघेणा ठरतो.

आता पाठ. तुम्ही लिहिलं नाहीत, पण जेवणाच्या टेबलावर वाकून कापता आणि मशीनवर बिनपाठीच्या स्टुलावर बसता, असा माझा अंदाज आहे. दुखणं बहुधा कापण्याच्या टेबलातून सुरू होतं. जेवणाचं टेबल 30 इंच उंच असतं, ते बसून जेवायला केलेलं. उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या आणि त्यातून चार इंच वजा करा. ती तुमच्या कापण्याच्या टेबलाची उंची. सव्वापाच फूट उंचीच्या बाईला ती 35-36 इंच येते. नवीन टेबल करू नका, जुन्याच टेबलाच्या पायांखाली सुताराकडून खाचेचे लाकडी ठोकळे बसवून घ्या. लांबी किमान पाच फूट असू द्या, म्हणजे 44 इंचांचा पन्हा आडवा पूर्ण मावेल. रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर पलीकडची कड गाठायला पुन्हा वाकणं आलंच. टेबल भिंतीला चिकटवू नका. तीन बाजूंनी फिरता यावं, अडीच फूट वाट सोडा.

मशीनचं टेबल सासूबाईंचंच राहू द्या. त्या जुन्या पायमशीनचा एक मोठा गुण आहे: मशीन टेबलात बुडालेली असते, सुईखालची पट्टी आणि टेबल एका पातळीत येतात. कापड सपाट सरकतं, मनगट उचलावं लागत नाही. आजकालच्या छोट्या मशीन टेबलावर तीन-चार इंच उंच उभ्या राहतात आणि खांदे वर चढतात. तुम्हाला फक्त आधार वाढवायचाय. गोधडी जड असते. तिचा लोंबता भाग टेबलाखाली ओढ देतो, त्या ओढीने टाके लहान-मोठे होतात, कधी सुई वाकून खालच्या पट्टीवर आपटते आणि मोडते, आणि ती ओढ तुमचे खांदे दिवसभर सांभाळत असतात. डाव्या बाजूला दोन फूट आणि मागे दोन फूट, त्याच उंचीचं एखादं टेबल किंवा घडीची फळी लावा. सगळी गोधडी वर राहिली पाहिजे, काहीही लोंबता कामा नये. मागे जागा सोडायची म्हणजे मशीन भिंतीपासून दूर आली, ते ओलीच्या दृष्टीनेही बरंच.

खुर्ची पाठीची, खालीवर होणारी, पण चाकं नसलेली घ्या. फरशीवर पेडल दाबलं की चाकांची खुर्ची मागे सरकते आणि माणूस नकळत पोट आवळून बसतो. बसताना शरीराचा मध्य सुईसमोर आणा. बहुतेक जणी मशीनच्या मध्यासमोर बसतात आणि मान सगळा वेळ डावीकडे वळलेली राहते. इतकी लहानशी गोष्ट, पण मानेचं दुखणं घेऊन येणाऱ्या शिवणाऱ्या बायकांना मी सगळ्यांत आधी हेच करायला सांगते. पेडल घसरत असेल तर खाली रबराचा तुकडा.

इस्त्रीचं टेबल मात्र मशीनपासून तीन-चार पावलं लांब ठेवा, आणि तेही उभं राहून करायच्या उंचीचं. हाताशी इस्त्री असावी असं पुष्कळ जण सांगतात. तुकडे जोडताना ते सोयीचं असतं हे खरं, पण तुमच्या पाठीला दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठणं औषधासारखं आहे, आणि इस्त्री लांब असली की उठावंच लागतं. पावसाळ्यात वाफेची इस्त्री खाली वापरू नका, जी वाफ यंत्र काढतंय तीच तुम्ही परत हवेत घालाल. साधी इस्त्री आणि हाताने मारलेला पाण्याचा हलका हबका पुरे.

संध्याकाळी काळ्यावर काळा दोरा दिसत नाही, यात तुमच्या डोळ्यांचा दोष थोडा आणि उजेडाचा जास्त. पन्नाशीनंतर त्याच कामाला पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त उजेड लागतो. खोलीसाठी 20 वॉटच्या चार एलईडी ट्यूब लावा. दोनवर भागवू नका, 216 चौरस फुटांना दोन ट्यूब वावरायला पुरतात, शिवायला नाही. त्या तुमच्या पाठीमागे येतील अशा नकोत, स्वतःचीच सावली कापडावर पडते. एक ट्यूब कापण्याच्या टेबलाच्या बरोबर वर, लांबीला समांतर. मशीनपाशी वाकवता येणारा एक टेबललॅम्प डावीकडून सोडा. दुकानात 6500 के (केल्व्हिन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेल्या निळसर पांढऱ्या ट्यूबच पुढे करतात, पण तुम्ही 4000 ते 5000 के आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 90 च्या वर असलेल्या मागा. सीआरआय कमी असला की लाल आणि किरमिजी रंग मळकट दिसतात, आणि कुणबी साडीच्या लाल तुकड्यांशी भलताच लाल दोरा जुळवला जातो. तरीही दोन रंग जुळवायचा शेवटचा निर्णय दिवसाउजेडी, वर सोप्यावर जाऊनच घ्या.

विजेच्या बाबतीत काटकसर अजिबात नको. ओली भिंत, इस्त्री आणि मोटर एकाच खोलीत येतायत. नव्या वायरिंगवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, इस्त्रीसाठी वेगळा 16 अँपिअरचा पॉइंट. वायर भिंतीत खाचा मारून पुरू नका, वरून पीव्हीसी पट्टीतून न्या. सगळे प्लग जमिनीपासून साडेतीन फुटांवर, जिन्याकडची भिंत कोरडी निघाली तर शक्य तेवढे तिच्यावर. इस्त्रीच्या पॉइंटचा एक लाल दिवा जिन्याच्या वरच्या तोंडाला बसवून घ्या. वरून बघितलं की खाली इस्त्री चालू राहिलीय का ते कळतं. दारापाशी एबीसी पावडरचं एक लहान अग्निशामक टांगा आणि कुळागराकडच्या दारासमोर नारळांची रास पुन्हा साठू देऊ नका. तुमच्या आणि जिन्याच्या मध्ये आग लागली तर ते दार हीच तुमची वाट.

तुमच्या यजमानांच्या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष करणार नाही. तळघरात कोण बसतं, या बोलण्यात कुरकुर असली तरी काळजीही आहे. तुम्ही तासन् तास खाली एकट्या असाल, मशीनच्या आवाजात हाक ऐकू येणार नाही, कदाचित मोबाइलला रेंजही नसेल. वरून दाबायची एक बेल खाली आणि खालून दाबायची एक वर, अशा दोन बेल लावा. जिन्याला कठडा आणि दोन्ही टोकांना दिव्याचं बटण. आणि हातशिलाई खाली करूच नका. कडा दुमडणं, धावदोरा घालणं, गाठी लपवणं हे सगळं सोप्यावर, माणसांत बसून, दिवसाच्या उजेडात करा. आपल्या शेजारच्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका आपली कवंदी, म्हणजे गोधडीच, मांडीवर घेऊन, कडेकडून मध्याकडे टाके घालत नेतात आणि कोपऱ्यांवर घडी केलेल्या कापडाची फुलं बसवतात. त्या कामाला टेबलही लागत नाही, खोलीही नाही. खालच्या खोलीत फक्त कापणं, मशीन आणि इस्त्री, म्हणजे तुम्ही दिवसातले दोन-तीन तासच खाली असाल.

खाली जे काही ठेवाल ते जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून तीन इंच लांब. पुठ्ठ्याचे खोके एकही नको. कुळागर शेजारी म्हणजे वाळवी आलीच, आणि पुठ्ठा तिला आमंत्रण. लाकडाऐवजी अॅल्युमिनियमची किंवा चांगल्या पीव्हीसीची मांडणी करा. डांबराच्या गोळ्या बंद खोलीत वापरू नका, त्या वासात दोन तास बसून डोकं दुखतं आणि वास गोधडीबरोबर बाळाच्या पाळण्यापर्यंत जातो. वाळलेला कडुनिंब घाला हवा तर, पण त्यावर विसंबू नका.

टाचण्या आणि सेफ्टीपिना हा पावसातला खरा शत्रू. थर जोडायला वितीवितीवर पिना लावायच्या आणि ते काम पंधरा दिवस तसंच पडू द्यायचं, हे आपल्याकडे चालत नाही. प्रत्येक पिनेखाली गंजाचा एक तांबूस ठिपका उमटतो आणि तो निघत नाही. जून ते सप्टेंबर पिनांऐवजी लांब कच्चे टाके घाला, नंतर उसवता येतात. काम थांबवताना मशीनची सुई काढून ठेवा, सुईपट्टीवर तेलाचा बोळा फिरवा, आणि मशीनवर प्लास्टिकचं कव्हर न घालता सुती कापडाची खोळ घाला.

गिऱ्हाइकांकडून येणाऱ्या जुन्या साड्या आणि धोतरं धुऊन, कडक उन्हात वाळवूनच खाली जाऊ द्या. एखादं बुरशीचं लुगडं सगळ्या खोलीला पुरतं. वाळल्यावर साडी खिडकीत उजेडासमोर धरून बघा: बसण्याच्या आणि निऱ्यांच्या भागात कापड विरविरीत झालेलं दिसेल, पदर आणि काठाजवळचा भाग बहुतेक वेळा शाबूत असतो. विरलेला भाग आतल्या थराला घाला, वर लावू नका.

आणखी एक, पटकन सांगते. बाहेर बोर्ड लावून गिऱ्हाइकं खाली बोलावणार असाल, तर पंचायतीत परवान्याची आणि वीज खात्यात मीटरची चौकशी आधी करा. घराच्या नकाशात ती खोली काय म्हणून दाखवलीय तेही बघून ठेवा.

क्रम असा धरा. आत्ता प्लास्टिकची तपासणी आणि छत्रीतली फेरी. पाऊस गेल्यावर पन्हळ, उतार, पाट. डिसेंबर ते फेब्रुवारी चर, गिलावा, वायरिंग. चुना नीट सुकायला महिना द्या. मार्चअखेर टेबलं आणि दिवे, एप्रिलमध्ये मशीन. पहिल्या पावसाळ्यात मशीन आणि चालू काम सोडून खाली काही ठेवू नका, आर्द्रतामापकावरचा आकडा रोज एका वहीत लिहा. सप्टेंबरपर्यंत तो 60 च्या आसपास राहिला, तर पुढच्या वर्षी दोऱ्यांचं कपाट खाली न्यायला माझी हरकत नाही. कापडाचं कपाट तेव्हाही वरच.

नाताळच्या ऑर्डर घ्या, दोन्ही, पण वरच्या टेबलावर. ठोकळे आजच सुताराला सांगा, त्यासाठी खोलीची वाट बघायची गरज नाही. जेवायच्या वेळी काढून ठेवता येतील असे करून घ्या. एकेरी पलंगाच्या, 60 बाय 90 इंचांच्या दोन गोधड्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या दिवसांत निघतील. त्याहून मोठं माप कोणी मागत असेल तर एप्रिलनंतरची तारीख द्या. त्या काळ्या मशीनच्या हाताखालून डबल बेडच्या गोधडीची गुंडाळी सरकवायला मागे-बाजूला मोकळं टेबल लागतं, आणि ते तुमच्याकडे अजून नाही.